कापडाचं वशिंड

यंदा मी एका बैलाचं वशिंड शिवून राह्यली. खोटं नाही सांगत. मांडीवर माह्या जुन्या काळ्या शालीचा तुकडा हाये, सुईत दुहेरी दोरा हाये, लहाना पोट्टा मांगून दोरा ओढून राह्यला, आन ज्याच्यासाठी हे शिवनं चालू हाये थो बैल अंगनात बसून रवंथ करत माह्याकडं पाहून राह्यला. त्याच्या पाठीवर देवानं उंचवटा देल्लाच नाही. मानेपासून शेपटीपर्यंत सपाट, जसा नवा डांबरी रस्ता.

पोळा चार दिवसावर आला. काल नेरच्या बाजारातून येतानी बसमधी पाय ठेवाले जागा नव्हती. ज्याच्या त्याच्या पिशवीत बेगड, घुंगरमाळा, शिंगाले लावाचा रंग. एका बुढ्याचा डबा फुटला आन माह्या साडीच्या काठावर लाल रंग सांडला, थो म्हणे, "घाबरू नको माय, शिंगावरचा जात नाही, लुगड्यावरचा जाते." नाही गेला. पण त्या रंगाचा वास नाकात बसला, आन त्याच्या मांगं मांगं दुसरा वास आला, तीन वर्सापह्यलेचा. ओल्या गोणपाटाचा, वासराच्या तोंडाचा, दुधाच्या फेसाचा. दर पोळ्याले हा वास येते. आला का माह्या छातीत धडधडाले लागते.

मले धडधडाले काई लागत नाही तसं. वीज चमकली का भेव, अनोळखी नंबरवरून फोन आला का भेव, मामाजी खोकलले का भेव. मामाजी म्हणजे माहे सासरे, ते खोकलल्याशिवाय बोलत नाहीत, म्हून मी दिवसातून दहा वेळा दचकतो. आठवीनंतर माही शाळा सुटली, कारण नववी नेरले होती आन बसमधी मले ओकाऱ्या येत. घरचे म्हणे, राह्यलं त राह्यलं. आन ढोरायचं त असं भेव का लग्न झाल्यावर पह्यले सहा मह्यने मी गोठ्यात शेण काढाले जाओ तवा गाय पाहाच्या आधी तिचे शिंगं पाहो.

आमची गाय म्हणजे टिकली. काळी-पांढरी, कपाळावर पांढरा ठिपका. आमच्याकडं गाय काळी असो का तपकिरी असो, वशिंड नसलं का तिले जर्सीच म्हणतेत. तीन वर्सापह्यले, उन्हाळा सरता सरता, आमच्या घरात पंधरा दिवसाच्या आत दोन बाळंतपनं झाली. एक माहं, एक टिकलीचं. दोघींलेबी पोरगा झाला.

माह्या पोराचे पेढे वाटले. मामाजीनं स्वतः नेरहून आनले, सगळ्या सोयऱ्यायले फोन केले, फोनवर इतके मोठ्यानं बोलले का फोनची काई गरज नव्हती. पाच वर्सं आधी बबली झाली तवा ते "लक्ष्मी आली" इतकंच म्हणले आन शेतात गेले. आन गोठ्यात टिकली व्याली तवा मामाजी वाकून वासराच्या शेपटीखाली पाह्यले, उभे झाले, आन म्हणले, "हट्." बस, तेवढंच. कालवड झाली असती त गोठ्यात पेढे आले असते. मी आपली बाळंतिनीच्या खाटेवरून दोन्हीकडचं ऐकत पडून होती. घरात पोरगा झाला त बारसं, गोठ्यात पोरगा झाला त हट्. म्हणलं, बाप्पा, हे कोनी ठरवलं असन.

जर्सीचा गोऱ्हा कास्तकाराच्या कामाचा नसते. वशिंड नाही म्हून जू मानेवर ठरत नाही, ऊन सहन होत नाही, आन दूध त पेतेच. म्हून असा गोऱ्हा कोठीतरी जाते. कोठी जाते हे कोनी इचारत नाही, जसं जेवतानी कोनी काई इचारत नाही तसं.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी माह्या नवऱ्यानं त्याले कोनाच्यातरी तीनचाकीत घातलं आन घेऊन गेला. बबली शाळेतून आली, दप्तर फेकलं, गोठ्यात गेली, वापस आली.

"बाबा, गोऱ्हा कोठी हाये?"

"मामाच्या गावाले गेला."

"कोनतं गाव?"

माह्या नवऱ्याचं नाव गजानन, पण खोटं बोलतानी त्याचा गजूच होते. कान लाल झाले. "केळापूर," म्हणे.

रातच्या जेवनाच्या टायमाले मी हळूच इचारलं, "केळापूर काहून वो?" त म्हणे, "दूर हाये. पोट्टी पायी नाही जाईन."

बबली पायी नाही गेली, पण तिनं केळापूर सोडलंबी नाही. सुट्टी कवा संपते त्याची? मामा त्याले काय खाऊ घालते? मामी आंगावर ओरडते का? आत्याबाईची, म्हणजे माह्या सासूची, एक चुलत बहीन पांढरकवड्याकडून आली, त पोट्टीनं तिची पिशवी हातातून घ्याच्या आधीच इचारलं, "मावशीआजी, तुमच्या तिकडं केळापूरले काळा-पांढरा गोऱ्हा पाह्यला का, कपाळावर टिकली हाये?"

ते बिचारी चहाची तहानलेली, म्हणे, "लय हायेत माय तसे."

बबली चार दिवस खूश होती. लय हायेत म्हणजे त्याले खेळाले दोस्त हायेत.

इकडं टिकलीनं दोन दिवस हंबरून हंबरून गाव डोक्यावर घेतलं. माहं पोरगं पाळन्यात झोपेल राहे, आन गोठ्यातून टिकली हंबरली का माह्या पोलक्याचा समोरचा भाग ओला होये. मले कळेच ना, हे कोनाच्या लेकरासाठी येऊन राह्यलं. मी पदर ओढून बसो. आन तिसऱ्या दिवशी टिकलीनं हंबरनं बंद केलं आन पान्हा चोरला. कास भरेल, सड तुंबेल, पण थेंब सोडे ना. आत्याबाई बसल्या, लाथ मारली. नवरा बसला, लाथ मारली. मामाजी म्हणले, "तुमाले कोनाले येत नाही," आन बसले. बादली अंगनात, टोपी उकिरड्यावर, आन मामाजी शेणात.

मामाजी शेणातून उठले ते खोकललेबी नाही. म्हणले, "दूध देत नसन त पोळ्यानंतर बाजार दाखवतो हिले."

मी घाबरली. आटलेली गाय बाजारातून कोठी जाते, ते केळापूरच्याबी पल्याड हाये, येवढं आठवी शिकलेलीलेबी समजते. आधी लेकरू गेलं, आता लेकरासाठी रुसली म्हून मायबी जाईन. पान्हा सुटला त गाय राह्यते, नाही सुटला त जाते. घरात दुसरं बोलनंच नव्हतं.

तवा आत्याबाईले आठवलं. त्यायच्या माहेरी वासरू मेलं का त्याच्या कातड्यात भुसा भरून गायीसमोर उभं करत, गाय चाटे आन पान्हा सोडे. पण आमचा गोऱ्हा मेला कोठी होता, थो त केळापूरले होता, कातडं आनाव कोठून. आत्याबाईनं माह्याकडं पाह्यलं. "शीतल, तुले बाहुल्या झाक जमतेत. एक गोऱ्हा शिव."

मी शिवला. पांढरं मामाजीचं धोतर, काळा नवऱ्याचा लग्नातला पँट, जो आता त्याच्या मांडीवरच अडकते. डोळ्याले माह्या शाळेच्या फ्राकचे बटन. कान, शेपटी, कपाळावर ठिपका, सगळं. चार पायावर उभा राह्यला पाहिजे म्हून पायात तुरीच्या काड्या. दोन दिवस बसली, पोरगं मांडीवर, गोऱ्हा पायाशी. आन पोटात काय भराव त गोठ्यात भरपूर होतं ते भरलं, सोयाबीनचं कुटार, ढोरायचा भुसा.

संध्याकाळी सगळं घर गोठ्यात. टिकलीनं वास घेतला. चाटलं. आत्याबाई म्हणे, "आता सोडते पाहा." टिकलीनं अजून चाटलं, मंग तोंड उघडलं, मांगचा पाय धरला आन उपटला. आम्ही पाहून राह्यलो आन ते आपल्या लेकराचा पाय मचमच चावून राह्यली, तोंडातून काळा पँट लोंबून राह्यला.

"अव शीतल," आत्याबाई म्हणे, "हे का शिवलं तू, गोऱ्हा का शिदोरी?"

मामाजी तवा पह्यल्यांदा हासले. बबली रडाले लागली.

दुसऱ्यांदा कापूस भरला. आन मले एक सुचलं. आमच्या पोराचं दुपटं जवळ ठेवलं का मी त्याच्याशिवाय झोपू शकतो, वास राह्यते न. तसं गोऱ्हा ज्या गोणपाटावर झोपे ते कोपऱ्यात पडून होतं, ते धुतलं नव्हतं. ते मी झुलीसारखं त्याच्या पाठीवर शिवून टाकलं. टिकलीनं नाक टेकवलं आन थांबली. श्वास आत घेतला तो सोडेच ना. मंग डोळे अर्धे मिटले, आन सडातून दूध आपोआप गळाले लागलं, आत्याबाईनं हात लावाच्या आधीच.

आत्याबाई म्हणे, "हातात कला हाये व तुह्या."

लग्नाले सहा वर्सं झालती, पह्यल्यांदा काई चांगलं म्हणल्या. मी गोठ्यामांगं जाऊन रडली, आन मलेच समजेना का कायसाठी. नाव झालं म्हून, का माह्या हातानं एक माय फसली म्हून.

मंग रोजचं कामच झालं. दूध काढाच्या टायमाले मी गोऱ्ह्याच्या मांगं बसो आन त्याचं मुंडकं हालवो, जसा थो पेऊन राह्यला. शिंगं माह्या डोक्यापासून हातभर. टिकली गोऱ्ह्याले चाटता चाटता माहे केसबी चाटे, खोबरेल तेल सगळं निघून जाये, जीभ अशी खरबरीत का भांडे घासाचा काथ्या. दोन माया तोंडासमोर तोंड, मदात एक चिंध्याचं लेकरू, आन खरं लेकरू पाळन्यात रडून राह्यलं. मी भेवानं काईतरी बडबडत बसो. कवा आरती, कवा पाढे, आन पोळा जवळ आला तशी झडती.

झडती म्हणजे पोळ्यात बैलायच्या रांगेत मानसं जे यमक जुळवून मोठ्यानं म्हणतेत ते. कोनाले टोमना, कोनाले चिमटा, सरपंचालेबी सुटका नसते. बायका म्हणत नाहीत. मी त बसमधी तिकीटबी हळू मागतो. पण चिंध्याच्या कानात म्हणाले काय भेव? मी त्याच्या कानात एक जुळवली. कान माह्याच हातचा, कोनाले सांगनार नव्हता. मांगं बबली उभी हाये हे मले दिसलं नाही.

गोऱ्ह्याचं नाव गावात झालं. एक दिवस वरच्या आळीतली एक बाई आली, तिचीबी जर्सी, तिचाबी पान्हा अडकेल. म्हणे, मलेबी एक शिवून दे. मी म्हणलं, देतो वो, पण त्याचं गोणपाट आना, ज्याच्यावर थो झोपे, वासाशिवाय काम होत नाही. आन सहज इचारलं, "तुमचा कोठी गेला?" ते म्हणे, "लोहाऱ्याले, मावशीच्या गावाले." मंग पदर डोक्यावर घेतला, म्हणे, "गोणपाट पाहतो मी," आन गेली. आजपर्यंत गोणपाट पाहूनच राह्यली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या दोन बैलायचे खांदे तूप-हळद लावून शेकले, त्यायले जेवनाचं आवतन देल्लं. मामाजी बैलासमोर हात जोडून उभे, वर्सातून एकदाच असे उभे राह्यतेत, देवळातबी नाही राह्यत. दुसऱ्या दिवशी पुरनपोळीचं ताट मीच घेऊन गेली. आंगावर झुली, शिंगाले बेगड, कपाळावर बाशिंग, आन दोन्ही बैल तोंड भरून पोळी खाऊन राह्यले. टिकली खुंट्याले बांधेल, मान लंबी करून पाहे. गायीचं पोळ्यात काई नसते. बैलाची माय गायच असन न, पण ते कोनाच्या ध्यानात नसते. मी तिले एक पोळी देल्ली, आत्याबाई पाहत नव्हत्या तवा.

आन त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरायचा. पोट्टेपोट्ट्या लाकडाचे बैल सजवून मारुतीच्या पाराजवळ आनतेत, चाकावरचे, दोरीनं ओढाचे. आमच्या घरी लाकडाचा बैल नव्हता. बबलीनं सकाळपासून इचारलं, कोनी ध्यान देल्लं नाही. दुपारून मी पोराचं आंग धुऊन राह्यलती, आन शेजारची बाई आंगनातून म्हणे, "अव शीतल, तुमच्या पोट्टीनं बैल भारी आनला व, गादीसारखा."

माह्या हातातला तांब्या पडला.

पोराले तसंच ओल्या आंगानं दुपट्यात गुंडाळलं, कमरेवर घेतलं आन धावली. पाराजवळ आंब्याच्या पानाचं तोरन, चिखल, भोंगा, आन लाकडी बैलायच्या रांगेत मदोमद माहा गोऱ्हा. बबलीनं तिच्या जुन्या पांगुळगाड्यावर त्याले नाड्यानं बांधलतं, गळ्यात माहे मोत्याचे मनी, तोंडाले लाली. माही लाली. मी लिंबाच्या झाडामांगं लपली. पारावर मामाजी बसेल, संग गावातले सगळे बुढे.

बक्षीस ठरवाले गुरुजी होते, शाळेतून रिटायर झालेले, आभाळ असो नसो छत्री हातात. एक एक बैल पाहत आले आन बबलीजवळ थांबले.

"बबले, हा कोन?"

"गोऱ्हा जी."

"याले वशिंड कोठी हाये?"

"नाही जी. जर्सी हाये."

"मंग हा बैल कसा होईन?"

बबलीनं बाजूच्या पोट्ट्याच्या बैलाकडं बोट दाखवलं. "याचं वशिंड लाकडाचं हाये. याले कापडाचं लावलं त चालते का?"

गुरुजीनं छत्री या हातातून त्या हातात घेतली. म्हणले, "झडती म्हण."

मी झाडामांगं हात जोडले. म्हणलं, मारुतीराया, तिले शाळेतली म्हणू दे. पण पोट्टीनं दम घेतला आन माहीच म्हणली, कानातली, सगळी, मोठ्यानं:

"लाकडाच्या बैलाले पुरनपोळी,
चिंध्याच्या गोऱ्ह्याले बेगडाची चोळी,
हाडामासाच्याले कोनी देईना चारा,
सांगा गुरुजी, यातला कोनता खरा?"

आन सगळ्या पोट्ट्यायनं हर हर महादेव केलं. लोक हासले. पारावरचा एक बुढा म्हणे, "कोनी शिकवलं वो हे हिले?" मामाजी खोकलले. मी झाडाच्या सालीतच शिरली असती, पण कमरेवर पोरगं होतं.

आन तेवढ्यात टिकली आली.

दूध काढाचा टाइम झालता. आत्याबाई गोऱ्हा हुडकून राह्यल्या, गोऱ्हा नाही. टिकली हंबरे, ओढे, दावं तुटलं आन निघाली. अर्धं दावं चिखलातून ओढत, कास हालत, सरळ तोरनाखालून आत. पोट्टे पारावर चढले. लाकडाचे बैल चाकं वर करून पडले. गुरुजीनं छत्री उघडून समोर धरली आन मांगं मांगं जात जात भोंग्यावर बसले. टिकलीनं कोनाले काई केलं नाही. तिनं एका एका लाकडी बैलाचा वास घेतला, पह्यला, दुसरा, तिसरा, जशी हजेरी घेऊन राह्यली, आन माह्या चिंध्याच्या गोऱ्ह्याजवळ येऊन थांबली. गोणपाटावर नाक ठेवलं. मंग घशातल्या घशात अशी हंबरली, जसे आपन पाळन्यात वाकून बोलतो. आन पान्हा सुटला. चारी सडातून, कोनी हात न लावता, चिखलात.

पह्यले लोक हासले. गाय चिंध्याले फसली म्हून. मंग जरासे कमी हासले. मंग नुसतं दुधाचं टपटप ऐकू आलं.

गुरुजीनं छत्री मिटवली. "बबले, खरा कोठी हाये?"

"केळापूरले, मामाच्या गावाले."

कोन्या मामाच्या, हे तथी कोनीच इचारलं नाही. पारावरचे सगळे बुढे एकदम आपआपल्या चपला पाहाले लागले. प्रत्येकाच्या गोठ्याचं एक एक केळापूर होतं. मामाजी त चपलाबी नाही, मातीच पाहून राह्यलते.

टिकलीले वापस न्याव कोनी? जवळ जाचं कोनाचं मन होईना. मी झाडामांगून कशी निघाली मले आठवत नाही. भेवानं मानूस समोरबी पळते, तसं झालं असन. पांगुळगाड्याची दोरी धरली, कमरेवर पोरगं, आन गोऱ्हा ओढत घराकडं निघाली. टिकली मांगं. मी जोरात चालली त ते जोरात, मी धावली त ते धावली. लोक म्हणतेत, शीतलनं गाय आनली. खरं सांगतो, मी पळून राह्यलती.

बबलीले उत्तेजनार्थ पान्याची बाटली भेटली.

घरी मामाजी आले, पाय धुतले, खाटेवर बसले. चहा ठेवला, घेतला नाही. मी दरवाज्याआड उभी, का आता झडतीचं काढतीन. मंग खोकलले.

"गजू, केळापूरची गाडी कवा हाये?"

नवऱ्यानं खाली मान घातली. कान लालभडक. "केळापूरले जा लागत नाही, बाबा. नेरलेच हाये थो."

झालं असं होतं का मामाजीनं त्याले दूरच्या रस्त्यावर सोडून ये म्हणलतं. थो गेला, गोऱ्ह्याले उतरवलं, तीनचाकी वळवली, त गोऱ्हा गाडीमांगं धावत आला. अजून दूर नेलं, अजून धावत आला. मंग यानं त्याले नेरले रफीकभाईच्या दुकानामांगं बांधलं, जिथं आमची पान्याची मोटर दुरुस्त होते, आन दोन दिवसात पाहतो म्हणून सांगून आला. दोन दिवसाचे चार हप्ते झाले. घरात सगळ्यायलेच वाटे का आपल्या घरात बाकीचे कठोर हायेत.

दुसऱ्या दिवशी त्याच तीनचाकीत आम्ही तिघं गेलो, मी, नवरा आन बबली, पोराले आत्याबाईजवळ ठेवून. रफीकभाईनं आम्हाले पाह्यलं आन पाना हातातून खाली ठेवला. "आओ भाभी, ले जाओ बाबा इसको. रखूँ तो डर, छोडूँ तो डर. गली में कोई जोर से हासा तोबी मैं पयले इसकोच देखता. गजूभाई बोला दो दिन. दो दिन ऐसे रयते क्या?"

मले इतकं बरं वाटलं का काय सांगू. माह्यासारखं धडधडनारं कोनीतरी भेटलं. गोऱ्हा बकऱ्यायमदी उभा होता, बरगड्या दिसून राह्यलत्या, पाठीवर ग्रीसचे डाग, आन टोस खाऊन राह्यलता. रफीकभाईच्या बायकोनं बकरीचं दूध बाटलीनं पाजून जगवलता. त्यायनं मले बाटली देल्ली, म्हणे, "आदत हो गई इसको, माँ के पास छूटेगी." मी बाटली पदरात बांधली. कायले बांधली, मालूम नाही.

घरी आलो, त सगळं घर गोठ्यात, शेजारचेबी. मले वाटलं आता माय-लेक भेटतीन, आन मी रडाची तयारीच केलती. गोऱ्हा धावला. टिकलीनं वास घेतला, बकरीचा, ग्रीसचा, टोसचा. आन फाडकन लाथ मारली. मंग मान वळवून कोपऱ्यातल्या चिंध्याच्या गोऱ्ह्याले चाटाले लागली.

मी इतका चांगला शिवलता का मायनं खऱ्याले लाथ मारली.

मी कात्री आनली. शिंगाखाली बसली, त्या टायमाले शिंगं दिसलेच नाही, आन चिंध्याच्या पाठीवरचं गोणपाट टाका टाका उसवलं. घाईत दोन ठिकानी धोतरबी फाटलं, कापूस बाहेर आला. ते गोणपाट खऱ्याच्या पाठीवर टाकलं आन माह्याच पदराच्या किनारीनं बांधलं. टिकलीनं एकदा इकडं पाह्यलं, एकदा तिकडं. नाक आनलं. लय वेळ आनून ठेवलं. मंग त्याच्या कानापासून चाटाले सुरुवात केली.

आत्याबाई बादली घेऊन पुढं झाल्या त मामाजी म्हणले, "थांब. दोन सड त्याचे, दोन आपले."

"आन डेअरीवाल्याले काय सांगाव?"

"सांग, केळापूरले गेलं दूध."

त्याचं नावच केळापुऱ्या पडलं. टिकली मंग अजून एकदा व्याली, कालवड झाली, मामाजीनं खरंच पेढे आनले. मी पेढा घेतला, खाल्ला, गोड होता. पन खाता खाता म्हणलं, हिच्या जागी भाऊ असता तिचा, त आता आपल्या तोंडात काय असतं. हे मी कोनाले बोलली नाही. वरच्या आळीत अजूनबी कोनाकोनाचे गोऱ्हे लोहाऱ्याले जातेत. पन आता कोनी आमच्या आंगनावरून नेत नाही, मांगच्या रस्त्यानं नेतेत. बबली इचारते म्हून.

केळापुऱ्या तीन वर्साचा झाला. हलकी गाडी ओढते, कुटार आनते, ऊन चढलं का गाडीसकट नाल्यात जाऊन बसते म्हशीसारखा, आन मामाजी काठावर उभे राहून त्याले शिव्या देतेत, मंग गाडी सोडून त्याच्या आंगावर पानी मारतेत. बकरी दिसली का अजूनबी तिच्या मांगं जाते. यंदा बबलीनं धरून ठेवलं, केळापुऱ्याले मोठ्या पोळ्यात न्याचं, खऱ्या बैलायच्या रांगेत. मामाजी म्हणले, "लोक हासतीन. वशिंड नाही त्याले." बबली म्हणे, "गुरुजीले मी तवाच इचारलतं, त्यायनं नाही थोडीच म्हणलं."

परवा मी शाल उसवून राह्यलती, मलेच वाटलं पाहाव करून. मामाजी दरवाज्यात खोकलले, मी दचकली, सुई बोटात गेली.

"बाई," म्हणे, "जरासं उंच ठेवजो. खाली बसेल वाईट दिसते."

तवापासून शिवून राह्यली. पह्यले एका गायीले फसवाले शिवलं, आता गावाले फसवाले. गायीले गोणपाटाचा वास लागला, मानसायले येवढा उंचवटा पुरते. भेव त हायेच. पट्टा ढिला झाला, तोरनाखाली सगळ्यायच्या समोर वशिंड सरकून पोटाखाली गेलं, त मामाजीनं तोंड कोठी लपवाव आन मी कोन्या झाडामांगं जाव. रात्रंदिवस हेच डोक्यात हाये.

म्हून मी आत कापूस नाही भरला. कुटार भरलं. पडलंच त त्याच्यासमोरच पडन, थो वास घेईन आन खाऊन टाकीन. पोळ्याच्या दिवशी पोटभर जेवेल बैल रांगेत उभा राह्यला म्हणजे झालं.